श्वानाचें पोट आणि मनुष्याचें कर्तव्य

कुत्र्याच्या आंतड्यांच्या अभ्यासांत एखाद्या बुद्धिमान मनुष्यानें सारें आयुष्य वेचावें काय, असा प्रश्न कोणी केल्यास पुष्कळ वाचकांच्या मुद्रेवर स्मित उमटेल. माणसांचीं मुलें अतिसारानें मरत असतां श्वानाच्या पचनाची चिंता कसली, हा आक्षेप वरवरचा नाहीं. 'भूतदया' एवढ्या एका शब्दानें त्यास उत्तर देऊन मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

अल्सेशियन कुत्र्यांत एक विलक्षण रोग आढळतो. ऐन तारुण्यांत स्वादुपिंड झिजूं लागतें; पाचक रस बहुतेक आटेपर्यंत बाहेर कांहींच दिसत नाहीं. मग तें जनावर अधाशासारखें खातें, विष्ठाही खातें, आणि तरी त्याचा सांगाडा होत जातो. पूर्वीं विष्ठेचा अंश क्ष-किरणांच्या फिल्मवर ठेवून तिच्यावरील जिलेटिनचा थर विरघळतो कीं नाहीं तें पाहत. ती कसोटी फसवी होती. विल्यम्स व बॅट या पशुवैद्यक संशोधकांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत, रक्तांतील ट्रिप्सिनसदृश द्रव्य मोजून हें निदान खात्रीनें करतां येतें असें दाखविलें. हें द्रव्य स्वादुपिंडांतूनच रक्तांत येतें. तें अत्यल्प आढळलें म्हणजे ग्रंथि सुकली असें समजावें.

उपाय म्हणजे डुकराच्या स्वादुपिंडाची भुकटी, अन्नांत कालवून, बहुधा आजन्म. येथें आमची लेखणी जरा अडखळते. तें डुकर या भुकटीसाठीं मारलेलें नसतें हें खरें. पण कुत्र्यास आपण नांव ठेवलें आहे आणि डुकरास नाहीं, याहून सबळ कारण आम्हांस सांपडत नाहीं.

कित्येक म्हणतात, हें ऋण फेडणें आहे. पाव्हलॉव्हनें कुत्र्यांच्या अन्ननलिका कापून पचनाचा अभ्यास केला व १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. त्या कुत्र्यांचा जठररस अपचनाचें औषध म्हणून विकलाही जाई. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिनचा मार्ग मोकळा केला. लेनिनग्राडला १९३५ सालीं श्वानाचें स्मारकही उभें राहिलें. परंतु जें न विचारतां घेतलें त्यास कर्ज कसें म्हणावें? आणि देणाऱ्यांपैकीं कोण उरला आहे?

आमच्या मतें कारण याहून जवळचें आहे. अल्सेशियन ही जात मनुष्यानें घडविली. तिची पैदास बांधून देणारी संस्था जर्मनींत १८९९ सालीं निघाली. हव्या त्या रूपासाठीं आपण रक्त निवडलें, आणि वंशांतून उतरणारा हा रोगही त्या रक्ताबरोबरच पुढें चालला. ज्यानें घडविलें त्यानेंच निस्तरावें, यांत दयेचा प्रश्न मागाहून येतो.

राहिला तो मुलांचा आक्षेप. तो रत्नपारख्यास कोणी विचारीत नाहीं, अत्तरवाल्यास विचारीत नाहीं. पशूची सेवा करणाऱ्यासच नेमका विचारतात! भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव मात्र आम्हांस कीर्तनांत फार आवडतात.

तथापि निदान अचूक होऊनही त्या भुकटीचा खर्च न झेपल्यामुळें कांहीं धनी कुत्र्यास मरण देवविणेंच पत्करतात. संशोधकाच्या हातीं तेव्हां कांहीं नसतें. तो पुढच्या कुत्र्याचें रक्त तपासावयास घेतो.