पिठाचा गहू

भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक बदल उलटवता येत नाही, हे सूत्र मी पुष्कळ वर्षे फळ्यावर लिहिले. बर्फाचे पाणी होते, पाण्याचा पुन्हा बर्फ होतो. लाकडाची राख झाली की लाकूड गेले. मुलांना पाठ करावयास सोपे.

एका सहामाही परीक्षेत सातवीतल्या एका मुलीने लिहिले, 'दळल्याने पदार्थ बदलत नाही, पण पिठाचा गहू होत नाही.' मी उत्तर खोडले; एवढेच नव्हे, वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला.

पुढच्याच आठवड्यात मोरचूद तापवण्याचा प्रयोग होता. निळे खडे तापून पांढरे पडले. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकताच निळा रंग परत आला व परीक्षानळी हाताला गरम लागली. रासायनिक बदल, आणि माझ्या डोळ्यांदेखत उलटलेला! प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केलेली शिशाची बॅटरीही अशीच पुन्हा पुन्हा भारली जाते. गोव्यातील लोहखनिज म्हणजे लोखंड व प्राणवायू यांचे संयुग, एका अर्थी गंजाचेच भावंड. पूर्वी ते मुरगावहून जहाजे भरभरून जपानला जाई आणि तेथे झोतभट्टीत त्याचे लोखंड होई. त्यासाठी कोक जाळावा लागतो, आणि जळलेला कोक काही परत येत नाही.

तेव्हा पदार्थ तोच राहिला काय, हा एक प्रश्न. तो परत आणण्यास काय मोजावे लागेल, हा अगदी वेगळा. मी दोन्ही एकच समजत होतो. ती मुलगी समजत नव्हती.

माणसामाणसांतही आपण हीच गल्लत करतो. 'शब्दच तो, वाऱ्यावर गेला,' असे बोलणारा म्हणतो. दोन भाऊ जमिनीवरून तुटले की 'आता राख झाली,' असे म्हणून मोकळे होतात. पहिल्याला वाटते काहीच मोजावयाचे नाही; दुसऱ्यांना वाटते मोजून उपयोग नाही. खिशात हात घालावयास कोणीच तयार नाही. आपल्या मंडळ्यांत तर दुखावलेल्यालाच आधी क्षमेचा उपदेश होतो. म्हणजे कोकही त्यानेच जाळावयाचा! क्षमा करणे त्याच्याकडे आहे खरे. पण भरपाई ज्याने मोडले त्याच्याकडे आहे, आणि एकाने केल्याने दुसऱ्याचे काम उरकत नाही.

मी त्या मुलीचे दोन गुण परत दिले. उत्तर बरोबर होते व मी चुकलो, हे त्याच वर्गासमोर सांगितले. तिने मान डोलावली. परंतु पूर्वी प्रत्येक प्रश्नाला वर होणारा तिचा हात वर होईना. मग मी रोज तिच्या बाकाजवळ उभे राहून प्रश्न विचारू लागलो, आणि उत्तर कोणाचेही चुकले तरी हसू देत नसे. याला महिने लागले. फेब्रुवारीत एकदा तिने हात वर केला. उत्तर चुकले होते. मी म्हणालो, 'असे का वाटले, ते सांग बरे.'