लहान झालेले पोट



वजन उतरवण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया केलेल्या माणसाविषयी 'त्याने सोपी वाट धरली' असे आपण पटकन बोलून जातो. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते त्याविषयी उघडपणे बोलले. आपल्यातले पुष्कळजण मात्र ती लपवतात.

एका प्रकारात जठराचा सुमारे पाऊण भाग काढतात. भुकेचे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होते. भूकच कमी झाली, तर संयम कसला, असे कोणी विचारील. पण संत थॉमस अक्विनास यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले : अवेळी, उंची, अति, अधाशीपणे व फार चोखंदळपणे खाणे. सुरी पोहोचते ती फक्त 'अति'पर्यंत. बाकीचे चार त्या माणसाने स्वतःच सांभाळायचे. शिवाय जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या, चावून चावून थोडेच घास, जेवताना पाणी नाही.

आम्हांला खरी चिंता यजमानांची वाटते. लग्नाच्या पंगतीत 'आमच्यासाठी एकच' म्हणून त्याच्या ताटात जिलेबी टाकणे हे प्रेम, की दुसऱ्याच्या तोंडून आपली हौस? बायपास झालेल्याला गोडाने घाम फुटतो, चक्कर येते. असा आग्रह आम्हीही केला आहे. (धर्मगुरूंना आग्रह करून घेण्याचीही सवय असते!)

उपवासकाळातला उपवास आजाऱ्यांवर बंधनकारक नाही. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासातही पाणी आणि औषध चालते. तेव्हा पाण्याची बाटली घेऊनच मिस्साला या, आणि मागच्या बाकावर लपून बसू नका.