नामभेद आणि सत्य

एकाच मनुष्याने दोन नावांनी वावरणे हे असत्याचरण होय काय, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु इंटरनेटमुळे त्यास नवे रूप आले आहे. तेथे मनुष्य आपले नाव, छायाचित्र आणि परिचय स्वतः मांडतो, वाटेल तेव्हा पुसतो व पुन्हा मांडतो. हे आत्मशोधन की आत्मवंचना, याचा निर्णय करणे अवश्य आहे.

पूर्वपक्ष असा की, मनुष्य एक, म्हणून त्याचे नावही एकच असावे. दोन ओळखी बाळगणे हे सचोटीच्या अभावाचे लक्षण होय, असे मत फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी मांडल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. त्या संस्थेचा नियमही खऱ्या नावाचाच होता. २०१४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्त्रीवेषात रंगमंचावर येणाऱ्या अनेक कलावंतांची खाती या नियमामुळे बंद पडली. ज्या नावाने स्नेही आणि प्रेक्षक त्यांना ओळखत, तेच खोटे ठरले. छळणाऱ्यापासून लपून राहणाऱ्या स्त्रियांनाही हा नियम जाचक होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात संस्थेने क्षमा मागितली आणि डिसेंबर २०१५ मध्ये नियम काहीसा सैल केला.

यावर उत्तर असे की, नाम हा केवळ संकेत आहे. सारा गाव ज्यास आबा म्हणतो, त्याचे दाखल्यावरील नाव निराळे असते. म्हणून तो कोणास फसवितो असे होत नाही. असत्य नामभेदात नाही, कर्म टाकून पळण्यात आहे. जो टोपणनावाने परनिंदा करतो आणि उघडकीस येताच ते खाते पुसून दुसऱ्या नावाने सज्जन म्हणून उभा राहतो, तो केवळ नाव बदलीत नाही. तो ऋण बुडवितो.

आता कोणी शंका घेईल की, मग जुने कर्म मनुष्यास जन्मभर चिकटून राहावे काय? स्पेनमधील एका गृहस्थाची मालमत्ता थकबाकीपोटी लिलावास निघाल्याची सूचना १९९८ साली वर्तमानपत्रात आली होती. तो व्यवहार पुढे मिटला. तरी गूगलवर त्याचे नाव शोधताच तीच सूचना पुढे येई. अशा प्रसंगी नावाच्या शोधातून तो दुवा काढावा लागेल, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी दिला. वर्तमानपत्रातील मूळ मजकूर मात्र काढावा लागला नाही. येथील भेद सूक्ष्म आहे. झालेली गोष्ट नाहीशी होत नाही. परंतु मिटलेल्या देण्याची दवंडी नित्य पिटली जावी, हेही न्याय्य नव्हे.

सारांश, जुने रूप पुसताना कोणाचे देणे बुडत आहे काय, हे पाहावे. बुडत नसेल तर ते पुसणे निर्दोष. बुडत असेल तर आधी देणे फेडावे, मग रूप पालटावे. संस्थेच्या नियमास नाव तेवढे तपासता येते. हेतू ज्याचा त्यालाच ठाऊक असतो. म्हणून ही परीक्षा ज्याची त्यानेच करावयाची आहे.