डोंगर पाहायला जायचे कशाला?



२ ऑक्टोबरला आपल्या धर्मग्रामाची सहल भीमाशंकरला गेली. फोटो सर्वांनी पाहिले आहेत, तेव्हा सहलीचा वृत्तान्त मी देत नाही. एका प्रश्नाविषयी लिहितो. सहलीची वर्गणी गोळा करताना आपल्यातील एका वडीलधाऱ्या शेतकरी बांधवांनी तो मला दारातच विचारला होता. "फादर, डोंगर पाहायला जायचे कशाला? बाजरी घरात यायची आहे, कांद्याचे रोप टाकायचे आहे. फुले बघून पोट भरते का?" ते सहलीला आले, पण नातवंडांवर लक्ष ठेवायला म्हणून.

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून जाईना.

आपल्यापैकी काहींची मुले कॅनडात, जर्मनीत आहेत. या दिवसांत तिकडून लालपिवळ्या झाडांचे फोटो येतात. थंडी जवळ आली की पानातला हिरवा रंग झाड मोडून टाकते आणि त्याखाली आधीपासून दडलेला पिवळा रंग वर येतो. लाल रंग बहुतेक झाडांत त्याच वेळी नव्याने तयार होतो. आपल्या सह्याद्रीचा शरद ऋतू निराळा. इथे पाने झडत नाहीत, इथे घाई असते. कातळावर चार बोटे माती, ती पावसाने भिजलेली. ती वाळायच्या आत रोपाला उगवायचे, फुलायचे आणि बी टाकून मोकळे व्हायचे असते. म्हणून पठारावर सोनकी अशी एकदम पिवळी होते. उतारावर गुलाबी तेरडा, मधून वाऱ्याने लवणारे गवत आणि त्यावर ढगांच्या सावल्या. (कारवी दिसली नाही म्हणून काहीजण खट्टू झाले. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, सहलीची तारीख पाहून नव्हे.)

पठारावर आपण तासभर थांबलो. मुले गप्प झाली, हे मला विशेष वाटले. आमचे आजोबा मात्र फुलांकडे पाहत नव्हते. ते कातळातून झिरपणाऱ्या पाण्याकडे पाहत होते. मला म्हणाले, "इथे एवढे पडते, आणि आपल्याकडे?" खरेच आहे. भीमाशंकरला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या पाबळच्या बाजूला जेमतेम ५००. मध्ये अंतर किती, तर बसने सकाळी निघालो आणि दुपारच्या जेवणाला पोचलो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला जर्मन तत्त्वज्ञ कांट याचा १७९० सालचा ग्रंथ होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की सौंदर्याचा आनंद निःस्वार्थ असतो. वस्तू मला हवी आहे, उपयोगी आहे, म्हणून आवडली तर तो सौंदर्याचा आनंद नव्हे. परीक्षेत मी हे चांगले लिहिले होते. पण त्या पठारावर उभे राहून मला वाटले, की या हिशेबाने मी पाहत होतो ते सौंदर्य आणि आजोबा पाहत होते ती नुसती गरज! ज्याने आयुष्यभर टँकरची वाट पाहिली, त्याची पाण्यावरची नजर माझ्या नजरेपेक्षा उणी कशी म्हणायची? माझे पोट भरलेले होते, एवढाच माझा मोठेपणा.

परतताना घाट उतरून आपली बस चहाला थांबली. तरुणांना मी सांगितले, की पुढे डिंभ्याजवळून एक रस्ता माळीणकडे जातो. लहान मुलांना ते नाव माहीत नव्हते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी त्या गावावर डोंगर खचला. १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही हे आधी एका एस.टी. चालकाच्या लक्षात आले आणि त्याच्याकडून बाहेर कळले. आधी मुसळधार पाऊस होता; उतार सपाट करण्याचाही हातभार लागला का, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. २०१७ मध्ये वाचलेल्यांसाठी जवळच नवे गाव उभे राहिले. बसमधली गाणी आपोआप बंद झाली.

मग मला माझीच लाज वाटू लागली. ज्या डोंगराचे आपण दिवसभर कौतुक केले, त्याच्यासारख्याच डोंगराखाली माणसे झोपेत गाडली गेली. पाहुण्याने रंग पाहावा आणि राहणाऱ्याने भीती सोसावी, हा कुठला न्याय? पेत्रार्क नावाच्या इटालियन कवीची गोष्ट आठवली. १३३६ साली तो फ्रान्समधल्या मों व्हांतू डोंगरावर केवळ दृश्य पाहायला चढला. माथ्यावर त्याने संत ऑगस्टीन यांचे पुस्तक उघडले, तर समोर नेमके तेच पान आले, जिथे संत म्हणतात की माणसे डोंगरांची उंची पाहून थक्क होतात आणि स्वतःकडे पाहायचे विसरतात. पेत्रार्क खजील झाला आणि उतरताना एक शब्द बोलला नाही, असे त्याने पत्रात लिहिले आहे. मीही तसाच चहाचा पेला हातात धरून गप्प बसलो.

टपरीवरच्या बाईंचे घर मागेच, डोंगराच्या पायथ्याशी. मी विचारले, "ताई, पावसाळ्यात झोप लागते का हो?"

"नाय लागत. जोराचा आला की पोरांना घेऊन शाळेत जाऊन बसतो."

"मग या डोंगराचा राग येत नाही?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "डोंगराचा कसला राग? नवरात्रात मी वर जाते की, घटाला फुलं आणायला. पहाटेच जाते. तुमच्यावाणी गर्दी नसती तवा. लई भारी दिसतं."

बंधुभगिनींनो, हा मला बसलेला दुसरा धक्का. मी मनात वाटणी करून टाकली होती: आनंद आपला, भीती त्यांची. तिला फुले आवडत असतील हे माझ्या डोक्यातही आले नाही. माझी कणव खरी होती, पण तिच्यात अहंकारही होता. गरिबाला फक्त दुःखच असते असे समजणे, हा त्याचा अपमान आहे. प्रभू येशूने रानातली फुले निरखायला सांगितले ते उद्याच्या भाकरीची चिंता असलेल्या लोकांना, सहलीला निघालेल्यांना नव्हे. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीची हाक आणि गरिबांची हाक वेगळी करू दिली नाही, त्याचा अर्थ मला त्या टपरीवर थोडा अधिक कळला.

तेव्हा आनंद घेण्यात पाप नाही असे मला वाटते. पाप असेल तर ते माहीत करून न घेण्यात. बाईंच्या आनंदात पावसाळ्यातल्या रात्रीही होत्या. माझा आनंद डोंगराला लोक आहेत हे विसरून चालला होता, म्हणून तो पहिल्याच आठवणीने कोमेजला. साताऱ्याच्या कास पठारावर रोज किती माणसे सोडायची यावर मर्यादा घालावी लागली, कारण लोक फोटोसाठी फुलांत लोळू लागले. तोही न पाहण्याचाच प्रकार. आपल्याही दोन मुलांनी सोनकीचे गुच्छ उपटले. नावे मला ठाऊक आहेत, छापत नाही.

संध्याकाळी डिंभे धरणापाशी आजोबांनी बस थांबवायला लावली. निळ्याशार पाण्यावर ऊन तिरपे पडले होते. या पाण्याखाली जुने आंबेगाव आहे, ज्याचे नाव अख्ख्या तालुक्याला मिळाले. आजोबांना ते माहीत होते. तिथे त्यांचे कुणी लांबचे सोयरे राहत. ते कठड्याशी बराच वेळ उभे राहिले. नातू दोनदा बोलावून गेला. मला वाटले, पाटाच्या पाण्याचा हिशेब चालला असेल. जवळ जाऊन विचारले, "काय पाहता, बाबा?"

"काही नाही फादर," ते म्हणाले, "बघतोय नुसतं."

आपला,
फादर