मायक्रॉनच्या गावात पिकोसेकंद

भोसरी-चाकण पट्ट्याचं पोट मायक्रॉनवर चालतं. ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला असतो, गो-नो गो गेज एका टोकाने जातो, दुसऱ्या टोकाने अडतो आणि माल पास होतो. या पद्धतीचं सगळं बळ अदलाबदलीत आहे. हजारांतला कुठलाही बोल्ट कुठल्याही नटाला बसतो. कोणाची गाठ कोणाशी पडणार, हे आधी ठाऊक असावं लागत नाही. पिंपळे सौदागरात हा माल बनवणारे लोक आणि हिंजवडीला चिप-फर्मवेअरचं काम करणारे लोक एकाच सोसायटीत राहतात. दोघांचंही काम अचूकतेचं. पण अचूकता येते कुठून, याबद्दलची दोघांची समजूत मुळातच वेगळी आहे, आणि मला ती दुसरी समजूत जास्त मोलाची वाटते.

डीडीआर४ मेमरी ३२०० च्या वेगाने चालते तेव्हा डेटाच्या प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट जातात. एका बिटाच्या वाट्याला ३१२.५ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात बोर्डावरच्या तांब्यातून संकेत जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो. दोन तारांच्या लांबीत एक मिलिमीटरचा फरक पडला की सहा-सात पिकोसेकंद गेले. त्यात चिपच्या आतला विलंब तापमानाने बदलतो, व्होल्टेजने बदलतो, एका लॉटमधून दुसऱ्या लॉटमध्ये बदलतो. ड्रॉइंग कितीही काटेकोर काढलं तरी ते इथे पुरं पडत नाही. मग भाग जसे आहेत तसे जोडायचे आणि यंत्र सुरू होताना त्यांनाच एकमेकांचा अंदाज घेऊ द्यायचा. अभियंते याला ट्रेनिंग म्हणतात.

जेडेक या संस्थेने २००७ साली डीडीआर३चं मानक प्रसिद्ध केलं. त्यात घड्याळाचा संकेत सगळ्या मेमरी चिपना एकाच वेळी देण्याऐवजी एकीकडून दुसरीकडे असा ओळीने नेला. फाटे कमी झाले, परावर्तनं घटली. पण आता प्रत्येक चिपला घड्याळ वेगळ्या क्षणी पोचू लागलं. यावरचा राईट लेव्हलिंग नावाचा उपाय मला फार सुंदर वाटतो. मेमरी चालवणारा कंट्रोलर डेटासोबतचा स्ट्रोब, म्हणजे वेळ दाखवणारा संकेत, पाठवतो. मेमरी त्या क्षणी आपल्याकडचं घड्याळ वर आहे की खाली, एवढंच पाहते आणि एक किंवा शून्य असं उत्तर देते. कंट्रोलर स्ट्रोबला किंचित उशीर करून पुन्हा विचारतो. शून्य, शून्य, शून्य आणि मग एक. जिथे उत्तर पालटलं तिथे दोघांची वेळ जुळली. या जुळणीत मेमरी स्वतः काहीच मोजत नाही. ती फक्त आपल्याला काय दिसलं ते खरं सांगते.

वाचताना हेच उलट्या बाजूने. मेमरीत आधीच ठाऊक असलेला नमुना असतो. कंट्रोलर तो वेगवेगळ्या विलंबाने वाचत जातो, बरोबर उत्तरांची डावी कड शोधतो, उजवी कड शोधतो आणि मधोमध थांबतो. कडेजवळही उत्तर बरोबरच येत असतं, तरी तिथे कोणी थांबत नाही. दोन्ही चुकांपासून सर्वांत लांबची जागा हवी असते, आणि ती जागा कळण्यासाठी दोन्हीकडे मुद्दाम चुकून पाहावं लागतं.

चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेलं की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत आणि त्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात. प्रत्येकाचा विलंब निराळा, शिवाय हवामानानुसार आणि आयनांबरानुसार हलणारा. म्हणून निरीक्षणाच्या मधेमधे सगळ्या तबकड्या एखाद्या परिचित स्रोताकडे वळवतात. त्याची जागा पक्की ठाऊक असल्यामुळे उत्तर कसं यायला हवं हे माहीत असतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी एक याच दुर्बिणीसाठी आहे. आकाशातल्या संकेतांवर काम करणाऱ्या त्या यंत्रातल्या प्रत्येक सर्व्हरची मेमरीही सुरू होताना ठाऊक नमुना वाचून स्वतःला लावून घेते. अनोळखी गोष्ट विश्वासाने वाचायची तर आधी ओळखीची वाचून पाहावी लागते, हे दोन्हीकडे सारखंच खरं आहे.

कारखान्यालाही हे अगदी परकं नाही. डिझेल पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल जोडीनेच बसवतात, जोडीनेच बदलतात. तिथली फट दोन-तीन मायक्रॉनची, तिथे अदलाबदल चालत नाही. पण ती जोडी एकदा जुळली की जुळली. मेमरीची जुळणी टिकत नाही. बोर्ड तापला की मधली जागा सरकते. म्हणून मोबाईलच्या एलपीडीडीआर४ मेमरीत हा सरकाव मोजणारा आंदोलकच बसवलेला आहे, आणि २४० ओमच्या एका रोधाशी ताडून मेमरी आपला प्रतिबाधही पुन्हा पुन्हा सुधारते.

खरा पेच या पट्ट्यातच बनणाऱ्या मालात आहे, तो म्हणजे मोटार. गाडीतल्या संगणकाला ट्रेनिंगसाठी फार वेळ देता येत नाही. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे रिव्हर्स गिअर टाकल्यापासून २ सेकंदांत मागचं चित्र पडद्यावर यावं लागतं. मग मागच्या वेळचे आकडे साठवून ठेवतात आणि तेच वापरतात. पण काल दुपारी चाकणच्या उन्हात ठरलेली वेळ पहाटे लेहच्या थंडीत कितपत धरून चालायची? साठवलेल्या आकड्यांनी सुरुवात करावी, ठाऊक नमुना एकदा झटकन वाचून पाहावा आणि जराही शंका आली तर पूर्ण ट्रेनिंग नव्याने करावं, असं माझं मत आहे. त्यात सुरुवातीचे काही मिलिसेकंद जातील. ते कुठे वाचवायचे हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी पाहावं. नमुना वाचण्याच्या वेळेतून मात्र ते कापू नयेत.