व्यवहारातील विचारसाधना

गीतेचा नित्यपाठ होणारी घरे आपल्या देशात पुष्कळ आहेत. परंतु पाठ संपवून पोथी देव्हाऱ्यात ठेवली, की पुढे दिवसभर उभे राहणारे प्रश्न आपण कोणत्या बुद्धीने सोडवतो? बहुधा रूढी, राग किंवा लोभ यांपैकी जो आधी हाक मारील, त्याच्या मागे आपण जातो. तत्त्वविचार पहाटेच्या घटकाभराचा आणि व्यवहार उरलेल्या दिवसाचा, अशी वाटणी आपण करून टाकलेली असते. गीतेला ही वाटणी मान्य नाही. ती एकांतातील आश्रमात सांगितली गेली नसून, आप्तांशी असलेला झगडा प्रत्यक्ष समोर उभा असताना सांगितली गेली आहे.

मग विचार करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे? मनात कल्पनांची ये-जा चालू असणे हा काही विचार नव्हे. आपल्या मीमांसकांनी विचाराला पाच अंगे सांगितली आणि अशा पंचांग विचाराला ‘अधिकरण’ हे नाव दिले. ज्याचा निर्णय करावयाचा तो विषय; त्याविषयी उभ्या राहणाऱ्या दोन कोटी, म्हणजे संशय; सिद्धान्ताच्या विरुद्ध जाणारी बाजू, तो पूर्वपक्ष; त्याला दिलेले समाधान, ते उत्तर; आणि शेवटी निर्णय. प्रश्न यज्ञातील एखाद्या द्रव्याचा असो, हीच शिस्त. आणि वेदान्त्यांनी ब्रह्मस्वरूपाच्या चर्चेतही हीच शिस्त मुख्यतः पाळली. यज्ञाला जी शिस्त लागते, ती संसाराला नको असे कोण म्हणेल?

एक उदाहरण घेऊ. वडील निवर्तले. मागे घर आहे, थोडी जमीन आहे. दोघे भाऊ आणि विवाहित बहीण असे वारस आहेत. दिवसकार्य आटोपताच हक्कसोडपत्राचा कागद तयार होतो आणि ‘एवढी सही करून टाक’ असे बहिणीला सांगितले जाते. आपल्याकडे ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे, की येथे काही विचार करण्यासारखे आहे असेच कोणाला वाटत नाही.

आता अधिकरण मांडू. बहिणीचा वाटा हा विषय. तो तिला द्यावा की तिने सोडावा, हा संशय. पूर्वपक्ष म्हणतो : तिच्या लग्नात खर्च झाला आहे; आईवडिलांची सेवा भावांनी केली; जमिनीचे तुकडे झाले तर कोणाचेच पोट भरणार नाही; शिवाय परंपरेने मुलीला वाटा नाही.

उत्तर एकेका मुद्द्याचे द्यावे लागते. लग्नाचा खर्च भावांच्या लग्नांतही झाला, शिक्षणातही झाला. तो कोणी त्यांच्या वाट्यातून वजा केला नाही. सेवेचे मोल मोठे खरे. परंतु तिची किंमत वसूल होऊ लागली, की ती सेवा न राहता मजुरी होते. परंपरेचे म्हणाल, तर मनू आणि याज्ञवल्क्य या दोघांनीही अविवाहित बहिणींना भावांनी चतुर्थांश द्यावा असे सांगितले आहे. आणि हा अंश केवळ विवाहखर्चापुरता नव्हे, असे मिताक्षराकार विज्ञानेश्वरांनी विवेचन केले आहे. विवाहित मुलीविषयी स्मृती वेगळे बोलतात हे मान्य केले पाहिजे. तथापि मुलीचा पित्याच्या धनाशी संबंधच नाही, हे म्हणणे शास्त्राचे नव्हे. आजचा कायदा तर स्पष्टच आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला पित्याच्या मिळकतीत वारसाहक्क दिला, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला मुलाप्रमाणे जन्मतःच हक्क दिला. जमिनीच्या तुकड्यांची अडचण मात्र खरी आहे. परंतु ती भाऊभावांतही असतेच, आणि तेथे आपण मोबदल्याची वाट काढतो.

म्हणून निर्णय असा की, वाटा तिचा आहे. तिने तो सोडू नये असे नाही. बहिणीने प्रेमाने सोडला तर ते तिचे औदार्य. परंतु काय सोडते आहे, त्याचे मोल किती, हे तिला आधी समजले पाहिजे. आणि ‘नाही’ म्हटल्यावरही माहेरचे दार उघडे राहील, असा भरवसा तिला वाटला पाहिजे. घेणाऱ्याने गृहीत धरलेले दान हे दान नव्हे.

या रीतीत सर्वांत कठीण अंग पूर्वपक्षाचे. संस्कृत ग्रंथ मराठीत आणताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते : पूर्वपक्ष म्हणजे शत्रुपक्ष नव्हे. भाष्यकार तो इतक्या समर्थपणे मांडतात की, क्षणभर तोच सिद्धान्त वाटावा. गीतेतही तसेच आहे. पहिल्या अध्यायात भगवंतांच्या मुखी एकच लहानसे वाक्य आहे. बाकी अर्जुन बोलतो आणि भगवंत ऐकतात. कुलधर्म, पितरांचे पिंड, पाप — अर्जुनाच्या बोलण्यात शास्त्राला काही तोटा नाही. तरी पुढे तोच कबूल करतो की, दैन्याने आपली वृत्ती ग्रासली आहे आणि धर्म कोणता हे आपल्याला उमगत नाही. युक्तिवाद शास्त्राचा होता, बोलत होता मोह. अर्जुनाच्या ठिकाणी स्नेहाचा मोह होता. आपल्या ठिकाणी बहुधा जमिनीचा असतो.

साधकाने यासाठी एक लहानसा नियम करावा. रात्री निजण्यापूर्वी दिवसातील एकच प्रसंग घ्यावा. मुलावर केलेला राग असो, मोलकरणीचा कापलेला पगार असो वा शेजाऱ्याशी झालेली कुरबूर असो. त्यातील दुसऱ्याची बाजू, ती त्याला स्वतःलाही पटेल अशा शब्दांत, मनाशी मांडावी. ती तशी मांडता येत नसेल, तर आपला निर्णय अजून व्हावयाचा आहे असे समजावे.

अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, एवढा उपदेश केल्यावरही, भगवंत अर्जुनाला प्रथम इतकेच म्हणतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर. शरण येण्याचे आवाहन त्यानंतर येते. ज्याच्या हाती सर्व सृष्टीची सूत्रे, त्यानेही आपल्या भक्ताचा विचार करण्याचा अधिकार काढून घेतला नाही. तो अधिकार आपण घरात एकमेकांना देऊ लागलो, तर पहाटेचा पाठ दिवसभर चालू राहील.

श्रीकृष्णार्पणमस्तु.