श्वास मोजणारी सुईण



साजगावची कार्तिकी यात्रा भरते तेव्हा हवेत गारवा आलेला असतो. दिवाळी आटोपली की आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. लहान लेकरेही बरोबर असतात. थंडी, धूळ आणि चुलीचा धूर यांत मूल खोकू लागते. बहुधा ती साधी सर्दी असते व आपोआप बरी होते. पण एखाद्याला न्यूमोनिया झालेला असतो आणि तो थोड्याच दिवसांत जीव घेऊ शकतो. जवळ डॉक्टर नसताना हा फरक ओळखायचा कोणी?

हाच प्रश्न डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्यापुढे गडचिरोलीत उभा राहिला. १९८६ साली त्यांनी तेथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. ५८ गावांत त्यांनी आरोग्यसेवकांना आणि सुईणींनाही न्यूमोनिया ओळखून अँटिबायोटिक औषध द्यायला शिकवले. तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या बालकांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते.

अक्षरओळख नसलेल्या सुईणीला हे कसे जमले? फुफ्फुसे आजारी पडली की मूल भराभर श्वास घेते. ते श्वास एक मिनिट मोजायचे. पण चाळीस-पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या बाईने काय करावे? तिच्यासाठी मण्यांचे एक साधन बनवले गेले. एका मिनिटाची वाळू खाली पडू लागली की दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधीच लाल मणी सरकला, तर तो न्यूमोनिया.

येथे मनात एक शंका येते. शहरातल्या मुलाला तज्ज्ञ डॉक्टर आणि रानातल्या मुलाला सुईण, हा भेदभाव नव्हे काय? गरिबांना दुय्यम दर्जाची सेवा देऊन आपण समाधान तर मानत नाही ना?

शंका खरी आहे, म्हणून तिचे उत्तरही प्रामाणिक हवे. सेवेचा दर्जा कशावरून ठरवायचा? भिंतीवरच्या पदव्यांवरून की लेकराच्या बाजूने? ज्या मुलाचा श्वास आज रात्री अडला आहे, त्याच्यासाठी उद्या भेटणारा मोठा डॉक्टर ही उत्तम सेवा नव्हे. आज जवळ बसून, पूर्ण एक मिनिट त्याच्याकडे पाहून, योग्य औषध देणारी बाई हीच उत्तम सेवा. उलट, मोठ्या दवाखान्यातही मुलाचा सदरा वर न करता, श्वास न मोजता चिठ्ठी लिहून दिली, तर ती सेवा दुय्यमच म्हणावी लागेल.

मात्र सुईणीच्या मण्यांनी शासनाची किंवा आपली सुटका होत नाही. छाती आत ओढली जात असेल, मूल दूध पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर त्याला दवाखाना, ऑक्सिजन आणि तेथवर नेणारे वाहन मिळालेच पाहिजे. वाडीवर सुईण आहे, म्हणून दवाखाना नको असे म्हणणे हा अन्याय ठरेल.

आपण म्हणतो, प्रेमाला मोजमाप नसते. पण त्या सुईणीचे प्रेम मोजण्यातूनच दिसले. नुसती हळहळ व्यक्त करून मूल वाचत नाही.

घरी किंवा शेजारी मूल खोकत असेल, तर ते शांत असताना त्याचा सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. साध्या सर्दीला मात्र अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका. आणि भट्टीवरच्या एखाद्या आईला हे ठाऊक नसेल, तर तिच्याजवळ बसून तेही एकदा मोजून दाखवा.